गमेलान हे ‘आपलं हरवलेलं संगीत’ नाही

गेल्या काही महिन्यांत एकच संदेश तीन वेगवेगळ्या गटांवरून माझ्यापर्यंत आला. शेवटच्या खेपेला तो मावशीनं पाठवला आणि खाली लिहिलं, ‘तू तिकडे राहून शिकून आलास ना, वाच, डोळे भरून येतील.’ सोबत बालीतल्या एका देवळाच्या अंगणात, सोनेरी नक्षीच्या लाकडी चौकटींमागे मांडी घालून बसलेल्या वादकांची चित्रफीत होती.

मजकूर थोडक्यात असा. बाली बेटावरचं गमेलान, म्हणजे मुख्यतः काशाच्या पट्ट्या, हंड्या आणि टांगलेल्या मोठ्या थाळ्या (गोंग) यांचा वाद्यवृंद, हे आपलं प्राचीन भारतीय संगीत. दोन हजार वर्षांपूर्वी आपले ऋषी ते तिकडे घेऊन गेले आणि बालीच्या हिंदूंनी त्यातला एक सूरही न बदलता ते जपलं. त्याचे स्वर सामवेदाचे, राग आपलेच भूप आणि तोडी. वाद्यं ४३२ हर्ट्झ या ‘विश्वाच्या कंपनाला’ लावलेली, म्हणून ऐकताच मन शांत होतं. ती फक्त पुजारी वाजवतात आणि त्यांना रियाज लागत नाही, श्रद्धेनं हात चालतो. ‘केचाक’ हा वानरांचा नाद रामायणकाळापासून चालत आलेला. आणि आता हे सगळं मरणपंथाला लागलंय, चार म्हातारे वादक उरलेत, म्हणून पुढे पाठवा.

बालीत देवळांतून काशाची वाद्यं घुमतात, महाभारतातली पात्रं सावल्यांच्या खेळातून बोलतात, हे पाहून आपल्या माणसाचा ऊर भरून येतो. माझाही आला होता. मी तबला वाजवतो. बालीतल्या पेलियातानजवळच्या एका गावात दोन महिने राहून रोज संध्याकाळी गमेलानच्या तालमीत बसलो. ज्यांनी शिकवलं त्यांना सगळे नुसतं ‘पाक’ म्हणायचे, आपण ‘काका’ म्हणतो तसं. त्या दोन महिन्यांनंतर या संदेशातलं एकेक वाक्य मला टोचतं. त्यात कौतुक बालीचं दिसतं, पण श्रेय बालीच्या हातातून काढून घेतलेलं असतं. शंभर वर्षांपूर्वीच्या ज्या शेतकऱ्यांनी, लोहारांनी आणि नर्तकांनी हे संगीत घडवलं, ते त्यात केवळ राखणदार उरतात.

म्हणून एकेक दावा घेतो.

‘दोन हजार वर्षांत एक सूरही बदलला नाही.’

चित्रफितीतच याचं उत्तर आहे. काशाच्या दहा पट्ट्या हातोड्यानं वाजवायची ‘गांग्सा’, एका लांब चौकटीवर मांडलेल्या बारा काशाच्या हंड्या आणि त्यांच्यामागे बसलेले चार वादक, म्हणजे ‘रेयोंग’. हा संच ‘गोंग कब्यार’ नावाचा आहे. आज बालीत सर्वांत जास्त ऐकू येणारं गमेलान हेच, आणि त्याचं वय शंभराहून थोडंसंच जास्त आहे. ते उत्तर बालीत, बुलेलेंग भागात, १९१० नंतरच्या काही वर्षांत उदयाला आलं. जागाराग गावात १९१५ साली झालेल्या वादनाच्या चढाओढीची आठवण नोंदलेली आहे. ‘कब्यार’ म्हणजे एकदम भडकणं, लखकन उजळणं. रचना सुरू होते तीच सगळ्यांनी एका क्षणी मारलेल्या एका घावानं, आणि बालीचे वादक त्या आवाजालाच ‘ब्यार’ म्हणतात.

हे का घडलं, हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. डच सत्तेनं उत्तर बाली एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच घेतलं होतं. दक्षिणेतली राज्यं नंतर पडली. १९०६ साली बादुंगचं आणि १९०८ साली क्लुंगकुंगचं राजघराणं पांढरी वस्त्रं नेसून, बायकामुलांसह, डच बंदुकांसमोर चालत गेलं. याला ‘पुपुतान’ म्हणतात, म्हणजे शेवटापर्यंत जाणं. दरबार संपले तसा दरबारी वादकांचा आश्रयही संपला. राजवाड्यांतले संच गावांकडे गेले, काही विकले गेले, काही गहाण पडले. गावातल्या ‘बांजार’नं, म्हणजे वाडीच्या सामाईक संस्थेनं, ते हाती घेतले. कित्येक ठिकाणी जुनी संथ, भारदस्त ‘गोंग गदे’ची वाद्यं लोहाराकडे नेऊन वितळवली आणि त्याच काशातून नव्या धर्तीचे संच ओतून घेतले.

जुनं काही जसंच्या तसं जपण्याचा हट्ट असता तर गोंग कब्यार जन्मालाच आलं नसतं. सत्ता गेलेल्या समाजानं आपल्या जुन्या वाद्यांचं धातू वितळवून वेगवान, धगधगतं, स्पर्धेला उतरणारं संगीत उभं केलं. नृत्यही त्याच्याबरोबर बदललं. ताबानानचे ई मारिया, ज्यांना जग मारियो म्हणून ओळखतं, त्यांनी १९२०च्या दशकात बसून करायचं ‘कब्यार दुदुक’ रचलं. नर्तक जवळजवळ सगळा वेळ जमिनीलगत असतो आणि वाद्याच्या प्रत्येक भडक्याला डोळे, बोटं, पंखा उत्तर देतात. जागारागचे ढोलवादक ई ग्दे मानिक यांच्या हातून ‘तरुणा जाया’ आज दिसतं त्या रूपाला आलं. नाव ऐकून आपल्याला ‘तरुण’ आणि ‘जय’ कळतात, आणि ते संस्कृतच आहेत. पण त्या नृत्यातला तरुण विसाव्या शतकातला आहे.

कुटा गावचे ई वायान लोत्रिंग हे तर रचनाकार म्हणून नावानं ओळखले जातात. त्यांच्या काही रचना १९२८ साली ओडिऑन आणि बेका या जर्मन कंपन्यांनी केलेल्या ध्वनिमुद्रणांत ऐकायला मिळतात. कॅनडात जन्मलेले संगीतकार कॉलिन मॅकफी यांनी याच तबकड्या ऐकल्या आणि १९३१ साली ते बालीला पोचले. पुढे त्यांनी लिहून ठेवलं की राजवाड्यांतला नाजूक ‘सेमार पेगुलिंगान’ त्यांच्या डोळ्यांदेखत गप्प होत होता, कारण तरुणांना कब्यार हवं होतं. एका पिढीची आवड बदलली आणि शतकांचं वाद्यवृंद मागे पडलं. तबकड्यांतलं वादन आणि आजचं वादन शेजारी ठेवून ऐकलं तर शंभर वर्षांतही वेग, नटवेपणा, रचनांची लांबी किती बदललीय ते कुणालाही कानानं कळेल.

बालीत जुनं काहीच नाही असं मात्र नाही. लांबलचक बासऱ्यांवर चालणारं ‘गंबुह’ हे नृत्यनाट्य आहे, अंत्यविधीला वाजणारं बांबूचं ‘गंबांग’ आहे, कारांगआसममधल्या तंगानान गावाचं लोखंडी पट्ट्यांचं ‘सलोंदिंग’ आहे. या सलोंदिंगला गावकरी इतकं पवित्र मानतात की ते आकाशातून आलं अशी त्यांची कथा आहे. बालीचे अभ्यासक आपल्या वाद्यवृंदांची तीन वयं सांगतात: ‘वायाह’ म्हणजे जुनं, ‘माद्या’ म्हणजे मधलं आणि ‘आञार’ म्हणजे नवं. ‘माद्या’त आपला ‘मध्य’ आहेच. कब्यार तिसऱ्या रांगेत बसतं, आणि हे तिथल्या शाळेतला मुलगाही सांगतो.

जुनेपणाचा पुरावा हवा असेल तर तोही आहे. बेबेतिन ताम्रपट शके ८१८चा, म्हणजे इ.स. ८९६चा. आपण गुढीपाडव्याला जो शक मोजतो तोच तिथेही मोजतात. त्यात गाणारे, ठोकवाद्यं वाजवणारे, मुखवट्याचे खेळ करणारे यांचे उल्लेख आहेत. वादक होते हे त्यातून कळतं. मात्र सूर ताम्रपटावर कोरत नाहीत. त्या वादकांनी जे वाजवलं तेच आज वाजतंय असं म्हणणं म्हणजे यादवकाळात मराठी होती म्हणून आजची लावणी यादवकाळातलीच, असं म्हणण्यासारखं आहे.

‘स्वर सामवेदाचे, राग भूप आणि तोडी.’

या दाव्याचं मूळ मला समजतं, कारण पहिल्या दिवशी माझेही कान तिथेच गेले होते. गंदेर वायांग, म्हणजे सावल्यांच्या खेळाबरोबर वाजणारी वाद्यं, ‘स्लेंद्रो’ नावाच्या पाच सुरांत असतात आणि ते ऐकून भूप आठवतो. कब्यारचे पाच सूर ‘पेलोग’ या दुसऱ्या सुरावटीच्या ‘सलिसिर’ प्रकारातले. ते ऐकून भूपाल तोडीचे सा, कोमल रे, कोमल ग, प, कोमल ध डोळ्यांसमोर येतात.

आता मोजून पाहू. भूपात सा-रे, रे-ग आणि प-ध ही अंतरं लहान, ग-प आणि ध-सा ही मोठी. स्लेंद्रोत पाचही पायऱ्या जवळपास सारख्या असतात, सप्तकाचे पाच ढोबळ समान तुकडे. म्हणजे त्यातला ‘ग’ आपल्या गंधारापेक्षा चढा लागतो आणि ‘ध’ आपल्या धैवतापेक्षा चढा. पेलोगची गोष्ट आणखी वेगळी: त्यातल्या पायऱ्या प्रत्येक संचात थोड्या वेगळ्या असतात. पाकनी एकदा शेजारच्या बांजारची एक पट्टी आणून आमच्या गांग्सावर ठेवली आणि नुसती वाजवली. ती बेसूर नव्हती, आपल्या घरी सुरात होती. आमच्यात मात्र परकी होती. एका गावचं वाद्य दुसऱ्या गावच्या संचात बसवता येत नाही, आणि त्या वेगळेपणाचा त्या गावाला अभिमान असतो.

राग तर नुसते पाच सूर जुळल्यानं होत नाही, हे कुठल्याही गाणाऱ्याला माहीत आहे. वादी-संवादी नाही, मींड नाही, एकट्या गळ्यानं किंवा बोटांनी केलेली बढत नाही, मागे तानपुऱ्याचा षड्ज नाही. तिथले सूर ‘दिंग, दोंग, देंग, दुंग, दांग’ या नावांनी म्हणतात आणि प्राकम्पासारख्या ताडपत्रांवरच्या ग्रंथांत त्यांची दिशांशी आणि देवतांशी सांगड घातलेली आहे. हिंदू विचार आहे तो असा, सुरांच्या अर्थात. सुरांच्या मापात तो नाही.

तालाचं उलटं गणित मला समजायला पंधरा दिवस लागले. मी गोंगच्या घावाला सम समजून ‘एक’ म्हणत होतो आणि दर वेळी चुकत होतो. तिथे गोंग हा शेवट आहे. आठ मात्रांचं आवर्तन असेल तर गोंग आठव्या मात्रेवर पडतो आणि सगळं त्याच्याकडे वाहत येतं. आपणही समेवर येतो, तिहाई समेवरच उतरवतो, पण मोजायला सुरुवात तिथूनच करतो. बालीचा वादक गोंगवर पोचतो आणि मग नव्यानं निघतो. पाकनी माझी मांडी थोपटत चार संध्याकाळ ते मोजून घेतलं.

नातं शोधायचं तर शब्दांत भरपूर सापडतं, आणि ते सांगायला मला आनंदच होतो. ‘सेमार पेगुलिंगान’मधला सेमार म्हणजे स्मर, मदन, ते शयनगृहाशेजारी वाजायचं वाद्यवृंद. ‘गांग्सा’चं नातं आपल्या कांस्याशी, काशाच्या वाटीशी सांगितलं जातं. पेदांदा, म्हणजे बालीचे ब्राह्मण पुरोहित, पूजा सांगताना जी घंटा वाजवतात तिला ‘गंता’च म्हणतात. सावल्यांच्या खेळात भीम आणि अर्जुन बोलतात. पण फुगीर बोंडाच्या गोंगांचं आणि ओळीनं मांडलेल्या काशाच्या हंड्यांचं घराणं जावा, थायलंड, म्यानमार, फिलिपिन्सच्या कुलिंतांगपर्यंत पसरलेलं आहे. आपल्या शास्त्रीय परंपरेत असा वाद्यवृंदच नाही. कथा इकडून गेल्या, नाद तिकडचा आहे. दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकतात.

‘४३२ हर्ट्झ.’

हा दावा नुसता चुकीचा असता तर सोडून दिला असता. पण तो गमेलानमधल्या सर्वांत सुंदर गोष्टीवर बोळा फिरवतो.

गांग्सा जोडीनं असतात. जोडीतलं एक वाद्य ‘पेंगुंबांग’, थोडं खालच्या सुरात. दुसरं ‘पेंगिसप’, थोडं वर. दोघांची तीच पट्टी एका वेळी वाजली की सूर लाटेसारखा थरथरतो. या लाटेला ‘ओंबाक’ म्हणतात. समजा एक पट्टी सेकंदाला ३०० वेळा थरथरते आणि तिची जोडीदार ३०७ वेळा, तर दर सेकंदाला सात हेलकावे ऐकू येतात. आपण तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा लावताना हेच हेलकावे ऐकत ऐकत मिटवतो. ते संपले की तारा मिळाल्या. बालीचा लोहार ते हेलकावे मुद्दाम घालतो आणि मोजून घालतो. ते नसतील तर त्यांना सूर मेलेला वाटतो.

आणि लाटेचा वेग खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत साधारण सारखा राहावा लागतो. वरच्या सप्तकात पेंगुंबांग ६००ला लावला तर पेंगिसप ६१४ला नाही, ६०७च्या आसपास ठेवावा लागतो, नाहीतर हेलकावे दुप्पट होतील. म्हणजे एका वाद्याचं सप्तक दुप्पट भरलं तर दुसऱ्याचं कमी पडतं. अशा संचाला ४३२ किंवा ४४० असा एकच आकडा कुठे आणि कसा लावणार? प्रत्येक सुराला दोन आकडे, ते दोन आकडे प्रत्येक गावात वेगळे, आणि काशाच्या पट्टीचे वरचे उपस्वर तारेसारखे दुप्पट-तिप्पट नसून वेडेवाकडे, पहिलाच उपस्वर मूळ सुराच्या पावणेतीन पटींच्या जवळ. गमेलानचा झळझळीत, किंचित करकरीत रंग यातूनच येतो.

क्लुंगकुंगजवळच्या तिहिंगान गावात मी पट्टी लावताना पाहिली. तिथे वाद्यं घडवणारे ‘पांदे’ घराण्यातले. तांब्याचे साधारण दहा भाग आणि कथलाचे तीन, असा त्यांचा ‘करावांग’ कासा. पट्टीचा सूर उतरवायचा तर पोटाकडून मध्यभागी खरवडायची, चढवायचा तर टोकांना घासायची. ती पट्टी बांबूच्या नळीवर टांगायची, कान जवळ न्यायचा, मोठ्या भावंडाशी जोडून लाट ऐकायची, परत खाली काढायची. यंत्र नव्हतं असं नाही, पण शेवटचा निकाल कान देत होता. नवा कासा काही वर्षं सूर हलवत राहतो, म्हणून लोहाराला परत बोलवावं लागतं. ज्याचा सूरच घडत, सरकत, पुन्हा लावला जात असतो त्याला ‘विश्वाचा एकमेव कायम आकडा’ चिकटवणं म्हणजे त्या लोहाराचं आयुष्यभराचं काम न पाहणं.

‘मन शांत होतं’ याबद्दल एवढंच: गंदेर वायांगच्या काही रचना ऐकताना मीही शांत झालोय. पण कब्यारचा पहिला ‘ब्यार’ दोन हातांवरून ऐकला तर दचकायला होतं, आणि तसंच व्हावं म्हणून तो आहे. मिरवणुकीतलं ‘बालेगांजुर’ तर झांजांच्या लखलखाटात चालतं. त्याला ध्यानाचं संगीत म्हणणं म्हणजे ढोल-ताशाला अंगाई म्हणण्यासारखं आहे.

‘फक्त पुजारी वाजवतात, आणि त्यांना रियाज लागत नाही.’

वादक बांजारच्या ‘सेकाहा’चे सभासद असतात. सेकाहा म्हणजे एका कामासाठी एकत्र आलेल्यांचं मंडळ. आमच्या तालमीत एक भातशेती करणारे, दोन गवंडी, एक हॉटेलात काम करणारा, एक गाडी चालवणारा आणि बाकी शाळा-कॉलेजची मुलं होती. देवळात पूजा पेदांदा सांगतात, त्याच वेळी बाहेर वाद्यं वाजतात, बाजूला स्त्रिया ‘किदुंग’ गातात. सगळं एकाच वेळी, आणि एवढ्या गजबजाटालाच पूजा पूर्ण झाल्याचा अर्थ आहे. वाद्यांचं पावित्र्य खरंच मानतात: वाद्य ओलांडून जायचं नाही, वाजवण्याआधी गोंगसमोर नैवेद्य ठेवायचा. २१० दिवसांनी येणारा तुंपक क्रुलुतचा दिवस वाद्यांच्या पूजेचा असतो. आपण दसऱ्याला हत्यारं-पुस्तकं मांडतो तीच भावना. पण वाजवणारा शेतकरी आहे, आणि माझ्या मते ही पुजाऱ्यांच्या मक्तेदारीपेक्षा मोठी गोष्ट आहे.

‘आपोआप’ची गोष्ट ऐकून पाक काय म्हणाले असते, ते मला माहीत आहे. ते काहीच बोलले नसते, नुसती माझी डावी मनगट धरली असती.

कारण गांग्सा दोन्ही हातांची असते. उजव्या हातातल्या ‘पांगुल’नं, म्हणजे लाकडी हातोड्यानं, पुढची पट्टी मारायची, त्याच क्षणी डाव्या हातानं आधीची पट्टी चिमटीत धरून गप्प करायची. डावा हात कणभर मागे राहिला की दोन सूर एकमेकांत मिसळून चिखल होतो. वीस वर्षं तबला वाजवूनही पहिल्या आठवड्यात माझा चिखलच होत होता. शेजारचा बारा वर्षांचा मुलगा माझ्याकडे न बघता स्वच्छ वाजवत होता.

मग ‘कोतेकान’. वेगवान ओळ एक माणूस वाजवत नाही. ती दोघांत वाटलेली असते: ‘पोलोस’ आणि ‘सांगसीह’. पोलोस बहुतेक वेळा तालावर चालतो, सांगसीह त्याच्या मोकळ्या जागा भरतो. दोघं मिळून सेकंदाला आठ-दहा सूर होतात, एकेकट्याला तेवढे शक्य नसतात. एका उखळात दोघी समोरासमोर उभ्या राहून मुसळ घालतात, एकीचं वर तर दुसरीचं खाली, असं ज्यांनी पाहिलंय त्यांना कोतेकान लगेच कळेल. बालीत तर लाकडी उखळावर मुसळांनी लयीत वाजवायची ‘ओंचांग’ नावाची प्रथा आजही आहे. मुसळाला मागे-पुढे चालतं, कोतेकानला नाही. सांगसीहनं जरा घाई केली की ओळ अडखळते आणि ती कुणामुळे अडखळली ते सगळ्या मांडवाला कळतं.

हे लिपीतून शिकवत नाहीत. ‘मागुरु पांगुल’ म्हणतात, हातोडाच गुरू. पाक समोर उलटे बसायचे, माझ्याच वाद्यावर, माझ्या बाजूनं पाहिलं तर आरशासारखे, आणि वाजवायचे. मी मागोमाग वाजवायचो. चूक झाली तर सांगणं नाही, पुन्हा वाजवणं. एक सतरा-अठरा मिनिटांची रचना गटाला बसवायला दोन महिने रोजचे दोन-तीन तास लागले, आणि ते सगळे आधीपासूनचे वादक होते. श्रद्धा होती, पण ती तालमीला वेळेवर येण्यात होती.

‘केचाक रामायणकाळापासून.’

केचाकमध्ये गमेलान नसतंच. शंभरेक पुरुष वर्तुळात बसून ‘चाक-चाक’ करतात आणि त्यांच्या गळ्यांतच कोतेकान चालतो. तोंडानं गमेलान करायचा हा नादसंच जुन्या ‘सांगह्यांग’ या अंगात येण्याच्या विधीतल्या पुरुषांच्या कोरसमधून घेतलेला आहे. पण रामायणाची कथा गुंफून, प्रेक्षकांसमोर सादर करायचं हे रूप १९३०च्या दशकात बेदुलु गावच्या वायान लिंबाक या नर्तकांनी आणि तेव्हा बालीत राहणाऱ्या जर्मन चित्रकार वॉल्टर श्पीस यांनी मिळून घडवलं. ती विसाव्या शतकातली अस्सल बालीची निर्मिती आहे आणि म्हणून तिचा दर्जा तसूभरही कमी होत नाही.

‘चार म्हातारे उरलेत.’

हे वाचून मला खरोखर राग आला. १९६० साली देनपसारमध्ये संगीताचं माध्यमिक विद्यालय सुरू झालं, १९६७ साली कलाअकादमी. आज तिथे कलाविद्यापीठ आहे आणि तिथून वादक, रचनाकार पदव्या घेऊन बाहेर पडतात. १९७९पासून दरवर्षी ‘पेस्ता कसनियान बाली’ हा कलामहोत्सव भरतो. गोंग कब्यारच्या सामन्याला दोन जिल्ह्यांचे संच समोरासमोर बसतात आणि हजारो प्रेक्षक आपापल्या बाजूनं आरडाओरडा करतात, कबड्डीच्या मैदानासारखा. १९८०च्या दशकात त्या स्पर्धांत बायकांचे संच उतरू लागले. पूर्वी हे पुरुषांचंच काम मानलं जायचं. आता मी ज्या गावात होतो तिथे आठवड्यातून दोन संध्याकाळ वाद्यं बायकांच्या ताब्यात असायची आणि घरची पोरं बाजूला बसून ऐकायची. युनेस्कोनं डिसेंबर २०२१मध्ये गमेलानची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली.

नवी वाद्यंही जन्मली. ई वायान बेराता यांनी १९८०च्या दशकात ‘सेमारादाना’ घडवलं: सात सुरांचा संच, त्यात कब्यारही वाजतं आणि जुन्या सेमार पेगुलिंगानच्या वेगवेगळ्या सुरावटीही. मॅकफींच्या डोळ्यांदेखत गप्प होत चाललेले सूर असे नव्या काशातून परत आले. आज देवा आलितसारखे रचनाकार स्वतःचे सूर असलेले संच घडवून घेतात आणि त्यांच्यासाठी पूर्णपणे नवी रचना करतात. काही जुने प्रकार खरोखर थोड्या गावांत उरले आहेत, त्यांची काळजी बालीच्या अभ्यासकांना आहे आणि ते काम करत आहेत. त्या प्रकारांची नावं संदेशात नाहीत.

मावशीला मी फोन केला. ती रागावली नाही, पण थोडी हिरमुसली. ‘मग आपलं काहीच नाही का त्यात?’ असं विचारलं. मी तिला भीमाचा सावल्यांचा खेळ, स्मर, काशाची वाटी, शके ८१८ हे सगळं सांगितलं, आणि जागारागचं ‘तरुणा जाया’ पाठवलं. सोबत लिहिलं की पहिल्या घावाला दचकशील, थांब. मग डोळे मिटून गोंगचा तो खोल, लांब आवाज शोध, आणि तो आला की ‘एक’ म्हणू नकोस, ‘आठ’ म्हण.